फाजवाला बेन्झर आणि माश्यांवाला बेन्झर एकच का?

ऋतुजा_एमएस्सी: जेनेटिक्सच्या पेपरला सिमूर बेन्झर म्हणजे टी-४ फाज (जिवाणूंत वाढणारा विषाणू) आणि सिस्ट्रॉन (जीनचंच एक नाव). न्यूरोबायॉलॉजीला पुन्हा बेन्झर, पण फळमाश्या आणि जैविक घड्याळ! माणूस एकच असेल तर दोन कामांचा काही संबंध आहे, की नुसती हौस?

माशीमास्तर: एकच. त्याआधी तो फिजिक्सवाला, अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात जर्मेनियम या अर्धवाहकावर काम करायचा. संबंध आहे, आणि मला तोच सगळ्यात आवडतो. लाखांत एखादाच जीव वेगळा निघतो. तो हुडकत बसलात तर जन्म जाईल. बेन्झर मांडणीच अशी करायचा की तो आपणहून पुढे यावा.

आधी फाज बघ. त्याच्या ‘आर-टू’ भागात बिघाड झालेले म्युटंट ई. कोलाय या जिवाणूच्या ‘के’ स्ट्रेनवर (वाणावर) वाढत नाहीत. दोन वेगळे म्युटंट आधी ‘बी’ स्ट्रेनमध्ये एकत्र वाढवायचे, मग ‘के’वर पसरायचे. प्लाक (फाजनं जिवाणू मारून पडलेला मोकळा ठिपका) आला की समजायचं, एकाच जीनच्या आत रिकॉम्बिनेशन (तुकड्यांची अदलाबदल) होऊन धड जीन तयार झाला. तोवर जीन म्हणजे माळेतला अखंड मणी. १९५५ पासून यानं त्या मण्याच्या आतला नकाशा काढायला घेतला.

१९६७ मध्ये कॅलटेक या कॅलिफोर्नियातल्या संस्थेत हीच युक्ती माश्यांवर. नळी आपटून माश्या तळाशी पाडायच्या, समोरच्या टोकाला दिवा. उजेडाकडे गेल्या त्या पुढच्या नळीत, उरल्या त्या मागे. असं पुन्हा पुन्हा. उजेडाची ओढ नसलेल्या आपोआप मागे साठतात.

त्याचा विद्यार्थी रॉन कोनोप्का. १९७१ चा पेपर मुळातून वाच: एका म्युटंटचा दिवस १९ तासांचा, दुसऱ्याचा २८, तिसऱ्याला लयच नाही, आणि तिन्ही बिघाड एक्स क्रोमोसोमवरच्या एकाच जीनमध्ये! या ‘पीरियड’ जीनचं काम पुढे नेणाऱ्या हॉल, रॉसबॅश, यंग यांना २०१७ चं नोबेल. बेन्झर २००७ ला गेला, कोनोप्का २०१५ ला.

शंकासूर: एक जीन, एक वर्तन? भाबडं वाटतं.

माशीमास्तर: तसा अर्थ काढलात तर भाबडंच. त्याच्याच प्रयोगशाळेतला ‘डन्स’ म्युटंट घ्या. माशी वास आणि विजेचा झटका यांची सांगड शिकत नाही. जीन निघाला सायक्लिक एएमपी (पेशीत निरोप पोचवणारा रेणू) तोडणाऱ्या एन्झाइमचा. म्हणजे स्मृतीचा जीन वगैरे काही नाही, पेशीतल्या यंत्रणेचा एक भाग. स्मृतीचे संशोधक कँडेल यांचं समुद्री गोगलगायीवरचं कामही याच रेणूपाशी पोचलं.

कुलाबकर: आपल्याकडचा धागा राहिला. टीआयएफआर या मुंबईत कुलाब्याला असलेल्या संशोधन संस्थेचे ओबेद सिद्दिकी बेन्झरसोबत कॅलटेकला होते. तापमान वाढलं की लुळ्या पडणाऱ्या माश्यांवर दोघांचा १९७६ चा पेपर आहे. पुढे कुलाब्यात त्यांनी वेरोनिका रॉड्रिग्ज यांच्यासोबत चव-वासाचे म्युटंट शोधले.

ऋतुजा_एमएस्सी: नळ्यांचा प्रयोग कॉलेजात जमेल?

माशीमास्तर: जमतो, माझी बी.एस्सी.ची पोरं करतात. दोन टेस्ट ट्यूब तोंडाला तोंड लावून चिकटवायच्या. ईथर दिलेल्या माश्या त्याच दिवशी घेऊ नकोस, गुंगीत असतात. आणि दिवा उलट्या टोकाला ठेवून पुन्हा कर, नाहीतर सुस्त माशी आणि उजेडाची पर्वा नसलेली माशी यांत फरक कळत नाही.