वारा, वळीव आणि वादळ: समजावून सांगताना आलेले अनुभव

शेतकरी मेळाव्यांत हवामानावर बोलायला जाते तेव्हा एक प्रश्न ठरलेला असतो: "ताई, पडणार की नाही तेवढं सांगा." मागच्या वर्षी मी 'तुरळक ठिकाणी'चा अर्थ सांगत होते. विभागातल्या शंभर पर्जन्यमापकांपैकी जास्तीत जास्त २५ ठिकाणी पाऊस, म्हणजे तुरळक. 'काही ठिकाणी' म्हणजे ५० पर्यंत, 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे ७५ पर्यंत. मागे बसलेले एक आजोबा म्हणाले, "म्हंजे शंभरातली पंच्याहत्तर गावं कोरडीच राह्यची, आसंच ना?" माझ्या पाऊण तासात त्यांच्या वाक्याइतकं नेमकं काही नव्हतं. आता प्रत्येक गावात मी ते वाक्य सांगते.

तुम्ही ऋतू, पाऊस, वादळ कुणाला समजावलं असेल, किंवा तुम्हाला कुणी समजावलं असेल, तर लिहा.

भूगोल शिकवते, सातारा जिल्हा

सातवीतली मुलगी म्हणाली, "बाई, आजी म्हणते मृग लागला की पाऊस येतो. मग या वर्षी का नाही आला?" आजीला खोटं पाडायचं नव्हतं. मी फळ्यावर दोन ओळी काढल्या. पहिली सूर्याची. मृग नक्षत्र सूर्याच्या जागेवरून ठरतं, म्हणून ते दरवर्षी ७-८ जूनच्या सुमारास येतंच. दुसरी वाऱ्याची. मोसमी वारे केरळात सरासरी १ जूनला आणि मुंबईत ११ जूनला पोचतात, पण ही सरासरी आहे. २०१९ मध्ये ते मुंबईत २५ जूनला आले, २०२५ मध्ये २६ मेलाच. महिन्याचा फरक! दोन्ही वर्षी मृग मात्र आपल्या वेळेवर. मुलीनं घरी जाऊन आजीला सांगितलं. आजीचं उत्तर दुसऱ्या दिवशी वर्गात आलं: "म्हणून तर आम्ही ओल वीतभर गेल्याशिवाय तिफण धरत नव्हतो." हे माझ्या धड्यात नव्हतं. आता आहे.

मच्छीमार कुटुंबातला, रायगड

आमच्याकडे हवामान शिकवतो तो बंदरावरचा बावटा. एक नंबर लागला की दूर समुद्रात काहीतरी तयार होतंय. तीन नंबर लागला की वादळी वारे बंदरापर्यंत येऊ शकतात, होड्या वर ओढायच्या. एवढं लहान पोरालाही ठाऊक असतं.

ठाऊक नव्हतं ते वादळाच्या डोळ्याचं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं. आधी डोंगराकडून वारा, पोफळी काडीसारख्या मोडत होत्या. मग एकाएकी सगळं शांत. शेजारचे काका उडालेली कौलं बघायला अंगणात उतरले. माझी बहीण जिवाच्या आकांतानं ओरडली, "आत या, अजून अर्धं बाकी आहे!" तिनं कॉलेजात वाचलं होतं: चक्रीवादळ मधोमध पोकळ असतं, आपल्या गोलार्धात घड्याळाच्या उलट फिरतं, म्हणून डोळा सरकला की वारा उलट्या बाजूनं येतो. थोड्या वेळानं तो आलाच, या खेपेला समुद्राकडून. काका आत होते. त्या दिवसापासून मी शाळांत, देवळात, मच्छीमार सोसायटीत, जिथं बोलावतील तिथं हे एकच सांगतो.

पोरं विचारतात, जुलैत एवढं उधाण असतं, मग चक्रीवादळ का नाही? समुद्र तापलेला असून भागत नाही. भर पावसाळ्यात खालचा वारा नैऋत्येकडून आणि उंचावरचा पूर्वेकडून जोरात वाहतो. वादळाचा खांब उभा राहायच्या आधीच तिरपा होऊन फाटतो. म्हणून भीती मे-जूनची, आणि पुन्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरची. फयान चक्रीवादळ आलं ते नोव्हेंबर २००९ मध्ये.

मुंबईहून

२६ जुलै २००५. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर, कुलाब्याला जेमतेम ७३. कुलाब्यातला मामा फोनवर म्हणाला, "एवढं काय, पाऊसच आहे." आम्ही कंबरभर पाण्यात होतो. पुढे मी मुलाला सांगितलं: एक मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर एक लीटर. त्यानं आमच्या गच्चीचं गणित केलं आणि बराच वेळ गप्प बसला.

द्राक्षबाग, नाशिक जिल्हा

गारपिटीनं बाग गेली तेव्हा कारण ऐकायची मनःस्थिती नसते, हे आधी लिहितो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आम्ही तेच भोगलं. नंतर एका कृषी सहायकानं गार मधोमध कापून दाखवली होती. आत कांद्यासारखे पापुद्रे! जमीन तापते, हवा दुधासारखी उतू जाते, ढग बारा-पंधरा किलोमीटर वर चढतो. थेंब वर फेकला जातो, गोठतो, अंगावर बर्फाचे थर चढवत राहतो, आणि वाऱ्याला पेलेनासा झाला की खाली. तो वर जाणारा झोत जितका जोराचा, तितकी गार मोठी.

त्यानंच मजुरांना वीज शिकवली. चमकल्यापासून गडगडाटापर्यंत मोजायचं, तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीसच्या आत ऐकू आलं की हातातलं काम टाकायचं आणि पक्क्या घरात शिरायचं, झाडाखाली नाही. गेल्या वळवात आमच्या बागेतल्या बायका मोठ्यानं मोजत होत्या. अठराला गडगडलं. त्या कात्र्या तिथंच टाकून पळाल्या, मी मागून पळालो.