पाइनच्या सालीची कॅप्सूल: लेबल तरी वाचता का?

धरमपेठकर: "सकाळी एक कॅप्सूल, आठवड्यात विसरभोळेपणा गायब", आपल्या गटावरची कालची पोस्ट. गायब? सगळे नाचवतात तो ऑस्ट्रेलियातला 2008 चा अभ्यास: 101 वयस्क, रोज 150 मिलिग्रॅम पाइन सालीचा अर्क, 3 महिने. वर्किंग मेमरी (माहिती तेवढ्यापुरती डोक्यात धरायची क्षमता) थोडी सुधारली, बस्स. आणि तो अर्क फ्रान्सच्या नैऋत्येकडच्या पाइनचा, प्रोसायनिडिन (सालीतलं अँटिऑक्सिडंट द्रव्य) 65 ते 75 टक्के असं प्रमाण ठरलेला. तुमच्या डबीवर नुसतं "पाइन बार्क 500 मिलिग्रॅम" असेल तर आत अर्क आहे की दळलेली साल, हेच कळत नाही.

गोळीवाला: पोस्ट माझीच. 2020 च्या कोक्रेन आढाव्यात (कोक्रेन म्हणजे झालेल्या चाचण्या एकत्र तपासणारी संस्था) पाइन सालीच्या अर्काच्या 27 चाचण्या आहेत, 1641 लोक.

धरमपेठकर: निष्कर्षही वाचा की. ठाम काही सांगण्याइतका पुरावा नाही!

गोळीवाला: "उपयोग नाही" असंही लिहिलेलं नाही.

इतवारीकर: काहून बाप्पा फ्रान्सची साल? आपल्या अर्जुनाची साल इतवारी बाजारात किलोनं मिळते.

धरमपेठकर: अर्जुन हृदयाचा, भाऊ. मेंदूचा विषय चालू आहे.

काढेवाले: त्यात तो अर्जुनही लोक चहासारखा उकळतात. क्षीरपाक करा, म्हणजे दुधातला काढा. साल 1 भाग, दूध 8, पाणी 32. म्हणजे 5 ग्रॅम भरडीला 40 मिली दूध, 160 मिली पाणी, मंद आचेवर दूध उरेपर्यंत. बारीक पूड नको, गाळणीतून उतरते आणि घशाला टोचते.

इतवारीकर: लोखंडी कढईत चालते ना?

काढेवाले: अजिबात नाही! सालीतलं टॅनिन लोखंडाशी मिळून सगळं काळं होतं. स्टीलचं पातेलं घ्या. आच मोठी केली की दूध तळाला लागतं, मग दोष अर्जुनाला.

धरमपेठकर: धागा कढईत गेला. अभिनंदन.

लॅबवाला: मुद्द्याचं बोलू? "95 टक्के प्रोसायनिडिन" छापलेल्या डबीवर भाळू नका. साध्या यूव्ही (अतिनील प्रकाशाच्या) तपासणीत पाइन, द्राक्षबी, शेंगदाण्याची लाल सालं यांतला फरक दिसत नाही. एचपीटीएलसीचा (घटक वेगळे करून ओळखणाऱ्या चाचणीचा) रिपोर्ट मागा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा ऑपरेशन ठरलं असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. आणि मे महिन्यात डबी गॅसजवळच्या फळीवर ठेवू नका, झाकण उघडं राहिलं की अर्क ओल धरून गोळा होतो.

गोळीवाला: बरं, "आठवड्यात" हे काढतो. बाकी पोस्ट तशीच.

धरमपेठकर: उपकार झाले. आता त्या अभ्यासाइतकं घ्यायचं तर हिशेब: 50 मिलिग्रॅमच्या गोळ्या, दिवसाला 3, 90 दिवस म्हणजे 270. साठ गोळ्यांच्या साडेचार डब्या. उरलेली अर्धी इतवारीकरांच्या कढईत टाका.