क्राफ्टवर्कचे पहिले तीन अल्बम पुन्हा निघायलाच हवेत

सुरपेटी:
जर्मनीतल्या डुसेलडॉर्फच्या क्राफ्टवर्क या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या बँडची अधिकृत कहाणी १९७४च्या 'आउटोबान' या अल्बमपासून सुरू होते. २००९च्या 'डेअर काटालोग' या संचात आठ अल्बम आहेत, त्यात पहिला तोच. २०१२ला न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात त्यांनी आठ रात्री आठ अल्बम वाजवले, तिथेही पहिली रात्र त्याचीच. त्याआधीचे तिन्ही, 'क्राफ्टवर्क' (१९७०), 'क्राफ्टवर्क २' (१९७२) आणि 'राल्फ उंड फ्लोरियान' (१९७३), अधिकृत सीडीवर कधी आलेच नाहीत. मला हे अन्यायाचं वाटतं, कारण अल्बमबरोबर त्यात वाजवणारी माणसंही पुसली जातात.

पहिलाच घ्या. 'रुकत्सुक' या तुकड्यात फ्लोरियान श्नायडर बासरीवर तेच ते सूर तोडून तोडून फुंकतो, फुंकरीचा आघातसुद्धा ऐकू येतो, आणि मग आंद्रेआस होमानचे ड्रम्स येऊन मिळतात. शेवटी 'फॉम हिमेल होख'. नाव मार्टिन ल्यूथरच्या नाताळगीताचं, 'उंच स्वर्गातून', पण वरून कोसळतात ते बॉम्बसारखे आवाज! बँडचे दोन संस्थापक, राल्फ ह्यूटर १९४६चा, श्नायडर १९४७चा. उद्ध्वस्त शहरांत वाढलेल्या पिढीने ते गीत असं वाजवावं, यावर अंगावर काटा येतो. इथे ड्रम्सवर क्लाउस डिंगर. एकाच तबकडीवर दोन ड्रमर, आणि नव्या श्रोत्याला दोघांचाही पत्ता नाही.

निळीशाई:
असहमत. कुठलं काम आपलं म्हणून पुढे ठेवायचं हे कलाकार ठरवतो, श्रोते नाही. त्या काळात कॅन, क्लस्टर, आमोन ड्यूल हे जर्मन बँड, सगळेच असं मोकळं, चाचपडत वाजवत होते. क्राफ्टवर्क वेगळे ठरले ते गाणं लिहायला लागल्यावर, आवाज घासूनपुसून घेतल्यावर. त्या बिंदूपासून मोजा असं ते म्हणत असतील तर त्यात गैर काय?

सुरपेटी:
मग 'आउटोबान'ची दुसरी बाजू ऐका. 'मॉर्गनश्पात्सिरगांग'मध्ये तीच बासरी आहे. अल्बमवर क्लाउस र्‍योडरचं व्हायोलिन आणि गिटार आहे, ध्वनिमुद्रणाला आधीचाच कॉनी प्लांक आहे. तुम्ही म्हणता तो बिंदू नेमका कुठे?

र्‍हाईनकाठ:
दोघांच्याही मांडणीत १९७१ सुटलं. त्या वर्षी ह्यूटर काही महिने बँडमध्येच नव्हता. श्नायडर, डिंगर आणि गिटारवर मिशाएल रोटर असे तिघे वाजवत होते. ब्रेमेनच्या 'बीट-क्लब' या टीव्ही कार्यक्रमातलं त्यांचं चित्रीकरण आहे. डिंगरचा न थांबणारा सरळ ठेका, त्यावर रोटरची गिटार. ज्या प्रयोगशील जर्मन रॉकला पुढे क्राउटरॉक म्हटलं गेलं त्याचा ऐवज तिथे आहे, आणि या तिघांचा अल्बम मात्र एकही नाही. मग रोटर आणि डिंगर बाहेर पडले, 'नॉय!' हा स्वतःचा बँड काढला. ह्यूटर परतला.

आता 'क्राफ्टवर्क २' ऐका. दोघंच उरले, ड्रमर नाही. म्हणून 'क्लिंग क्लांग' या सतरा मिनिटांच्या तुकड्यात ताल रिदम मशीनचा आहे, आणि त्याची लय मध्येच बदलते. पुढे स्टुडिओचं नावही तेच पडलं. माणसं गेली तेव्हा यंत्र आलं, हे त्या तबकडीवर ऐकू येतं. ज्या बँडची सगळी ओळखच माणूस आणि यंत्र ही आहे, त्यांनी नेमकी हीच तबकडी बाजूला ठेवावी, हे मला पटत नाही.

दगडफूल:
+१. शिवाय व्यवहार बघा. अधिकृत आवृत्ती नाही म्हणून १९९०च्या दशकात तबकड्यांवरून उतरवलेल्या बिनपरवाना सीड्या विकल्या गेल्या. पैसा ना ह्यूटरला, ना श्नायडरला. डिंगर २००८ला गेला, श्नायडर २०२०ला. नावं नीट छापून, मूळ टेपवरून काढलेली आवृत्ती हा त्यांचा हक्क होता.

निळीशाई:
र्‍हाईनकाठ, रिदम मशीनचा मुद्दा वजनदार आहे. 'क्राफ्टवर्क २' अभ्यासकाने ऐकावाच. पण बिनपरवाना सीड्या निघाल्या म्हणून कलाकाराने नाइलाजाने जुनं काम बाजारात आणावं, हा तर्क मान्य नाही. नकार हाही त्याच्या कामाचा भाग असतो.

सुरपेटी:
एकट्याच्या कामाचा असेल. होमान, डिंगर, प्लांक यांच्या कामावरचा नकार एकटा ह्यूटर कसा देणार? तिन्ही नको तर निदान पहिला काढा, आणि पाठीमागे दोन्ही ड्रमरांची नावं ठळक छापा.