मदत हवी आहे: डेट्रॉइटच्या उपनगरात राहून टोयोटा घ्यावी का?

नमस्कार मंडळी,

दोन महिने झाले, गाडीचं काही केल्या ठरत नाहीये. आम्ही मिशिगनमध्ये डेट्रॉइटजवळ नोव्हीला राहतो. डेट्रॉइट म्हणजे अमेरिकन गाड्यांच्या कंपन्यांचं गाव. नवरा गाड्यांचे सुटे भाग पुरवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर, मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. मुलगी सोळाची, मुलगा अकराचा, आणि दर मे महिन्यात सांगलीहून सासू-सासरे येतात. त्यामुळे तीन रांगांची गाडी हवी, आणि सासूबाईंचे गुडघे बघता चढायला फार उंच नको.

गाळत गाळत दोनवर आलोय: शेवरले ट्रॅव्हर्स आणि टोयोटा ग्रँड हायलँडर हायब्रिड. पैशांवर अडलेलं नाही. ट्रॅव्हर्सवर सप्लायर डिस्काउंट मिळतो, हायब्रिडचं मायलेज जवळजवळ दीडपट आहे, काही वर्षांत फिटंफाट होईल. अडलंय ते दुसरीकडेच.

आम्ही इथे आलो २००७ साली. २००९ च्या एप्रिलअखेरीस क्रायस्लरने दिवाळखोरी जाहीर केली, १ जूनला शेवरले बनवणाऱ्या जीएमने (जनरल मोटर्स), आणि त्याच उन्हाळ्यात नवऱ्याची नोकरी गेली. मुलगी तेव्हा चार महिन्यांची. त्याला ओहायोत कॉन्ट्रॅक्टवर काम मिळालं. सोमवारी पहाटे निघायचा, शुक्रवारी रात्री यायचा. आमच्या रस्त्यावरची चार घरं त्या वर्षात रिकामी झाली. त्या हिवाळ्यात बर्फ पडला की सकाळी सहाला शेजारच्या आजोबांच्या स्नो ब्लोअरचा आवाज यायचा. आधी आमचा ड्राइव्हवे, मग त्यांचा. मी एकदाही सांगितलं नव्हतं. चौतीस वर्षं त्यांनी असेंब्ली लाइनवर काढलीत, युनियनचं निळं जाकीट अजून घालतात.

मागच्या महिन्यात ते अंगणातली पानं ओढत होते, तेव्हा बोलता बोलता मी म्हटलं, आम्ही टोयोटाही बघतोय. "चांगली असते ती गाडी," एवढंच म्हणाले आणि परत पानं ओढायला लागले. रागावले नाहीत, टोमणा मारला नाही. पण तेव्हापासून मला चैन नाही.

दुसरी बाजूही सांगते. आमची आधीची गाडी देशी, म्हणजे अमेरिकन कंपनीचीच होती, नाव घेत नाही. सत्तर हजार मैलांवर भर हायवेत ट्रान्समिशन गेलं, मागे दोन्ही पोरं बसलेली. ती भीती अजून पोटात आहे.

आणि 'देशी' तरी कशाला म्हणायचं? टोयोटाच्या शोरूममध्ये काचेवरचा कागद नीट वाचला. १९९२ च्या कायद्यामुळे त्यावर गाडी कुठे जोडली, अमेरिका-कॅनडाचे भाग किती टक्के, इंजिन कुठलं, सगळं छापावं लागतं. ग्रँड हायलँडरची जोडणी इंडियानातल्या प्रिन्स्टनला. समोरच्या काचेच्या कोपऱ्यातला व्हीआयएन नंबर, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, ५ ने सुरू होतो. १, ४ किंवा ५ म्हणजे अमेरिकेत बनलेली. मग शेवरलेकडे गेलो. ट्रॅव्हर्सचा नंबर १ ने, जोडणी लॅन्सिंगला, आमच्या घरापासून तासाभरावर. पण तिच्याच शेजारी उभ्या इक्विनॉक्सचा पहिला आकडा ३, म्हणजे मेक्सिको. नवरा बराच वेळ दोन्ही काचांपुढे ये-जा करत होता.

शाळेच्या कार लाइनमध्ये टोयोटा-होंडाच जास्त दिसतात, कारण जपानी सप्लायर कंपन्यांमुळे नोव्हीत जपानी कुटुंबं खूप आहेत. ब्लूमफील्ड हिल्सच्या श्रीमंत वस्तीकडे गेलं की जर्मन गाड्या. म्हणजे शेजारी काय म्हणतील हा मुद्दा नाही. आपण ज्या गावाचं खातो त्याचं काही देणं लागतो का, आणि लागत असू तर ते बॉनेटवरच्या चिन्हातून फिटतं का, हे मला कळत नाहीये.

सप्लायर कंपनीत असून परदेशी ब्रँड घेतलेल्यांनी कृपया अनुभव लिहा. आणि तिसऱ्या रांगेत मोठी माणसं लांब प्रवासाला बसू शकतात का, हेही सांगा.

ओहायोकर:
ताई, आम्ही कोलंबसजवळ राहतो. इथे तुमचा प्रश्नच उलटा होतो. जवळच्या मेरिसव्हिलच्या कारखान्यात १९८२ मध्ये होंडाची अकॉर्ड बनायला लागली. आमच्या कॉलनीत अर्ध्या घरांचा पगार होंडा नाहीतर तिच्या सप्लायरकडून येतो. आमच्यासाठी होंडाच गावची गाडी. तुमच्या शेजारच्या आजोबांसारखे वर्षानुवर्षं लाइनवर काढलेले लोक इथेही आहेत, फक्त त्यांच्या कारखान्यावरची पाटी वेगळी.

ट्रॉयवासी:
मी १९८४ ला इथे आलो. त्याच्या दोनच वर्षं आधी, जून १९८२ मध्ये, डेट्रॉइटला लागूनच्या हायलँड पार्कला व्हिन्सेंट चिन या तरुणाला मारहाण करून जिवे मारलं होतं. जपानी गाड्यांमुळे नोकऱ्या जातात, हा राग त्याच्यावर निघाला. तो तर चिनी वंशाचा होता. मारणाऱ्यांना तुरुंगही झाला नाही, प्रोबेशन आणि तीन हजार डॉलर दंड. आम्ही आशियाई मंडळी त्या काळात मुद्दाम अमेरिकन गाडी घ्यायचो, आणि त्यात भीतीचा भाग होता हे आज कबूल करतो. तुमच्या मनात भीती नाही, कृतज्ञता आहे. ती गाडीशी बांधू नका, असं मला मनापासून वाटतं.

ऑफिसचं म्हणाल तर कंपनीवर अवलंबून आहे. २००६ मध्ये फोर्डने डिअरबॉर्नच्या ट्रक प्लँटमध्ये दाराजवळचं पार्किंग फक्त फोर्ड गाड्यांसाठी ठेवलं होतं. तुमचे मिस्टर ज्या ग्राहकाच्या प्लँटला नेहमी जातात, तिथले नियम आधी विचारून घ्या.

कर्ज काढणार असाल तर अजून एक. २०२५ ते २०२८ या वर्षांत, अमेरिकेत जोडलेल्या नव्या गाडीच्या कर्जाचं व्याज, वर्षाला १० हजार डॉलरपर्यंत, करपात्र उत्पन्नातून वजा होतं. ब्रँड कुठलाही चालतो. मात्र नवरा-बायकोचं एकत्र उत्पन्न २ लाखांच्या वर गेलं की सवलत कमी होत जाते. सोळा वर्षांची मुलगी चालवणार असेल तर दोन्ही गाड्यांचे इन्शुरन्स कोटही आधीच मागवा, मिशिगन त्या बाबतीत फार महाग आहे.

धागाकर्ती:
दोघांचे आभार. ट्रॉयचे काका, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला. तो म्हणाला, मग आजोबांनाच विचारू. काल संध्याकाळी मी पोहे घेऊन त्यांच्याकडे गेले आणि सरळ सांगितलं की तुम्हाला वाईट वाटेल म्हणून थांबलोय. ते म्हणाले, त्यांच्या धाकट्या मुलाकडेही टोयोटाच आहे, फक्त ट्रान्समिशनचा आवाज स्वतः ऐकल्याशिवाय कुठलीच गाडी घेऊ नका. शनिवारी दोन्ही शोरूमला आमच्याबरोबर येताहेत. तिसऱ्या रांगेत बसून बघायचं कामही त्यांनीच मागून घेतलंय. गुडघे त्यांचेही दुखतात.