सेटिंग बदलून डीएसएलचा स्पीड खरंच वाढतो का? की सगळं थोतांड?

पिंगळा :
परवा एकाने मला ठासून सांगितलं की कॉम्प्युटरच्या नेटवर्क सेटिंगला हात लावून डीएसएल (टेलिफोनच्या तारेवरून येणारं नेट) फास्ट होतं म्हणणारे लोक येडे बनवतात. मला नाही पटत. मुद्देसूद सांगतो, मग हाणा.
बरीचशी डीएसएल कनेक्शनं पीपीपीओईवर (कंपनीकडे लॉगिन करून नेट जोडायची पद्धत) चालतात, आणि पीपीपीओई प्रत्येक पॅकेटमागे स्वतःचे ८ बाइट खातं, म्हणजे इथरनेटचं १५०० चं एमटीयू (एका पॅकेटची कमाल साइज) तिथे १४९२ वर येतं. तुमचं मशीन १५०० चीच पॅकेटं सोडत बसलं तर वाटेत त्यांचे तुकडे होणार, नाहीतर 'तुकडे करू नका' असा शिक्का असेल तर सरळ फेकली जाणार, आणि मधल्या एखाद्या फायरवॉलने आयसीएमपी (अडचण कळवणारे निरोप) अडवलं असेल तर तुम्हाला कळणार पण नाही, नुसती साइट अर्ध्यावर लटकणार. तपासायला सोपं आहे, पिंगला तुकडे न करण्याचा पर्याय लावून १४६४ बाइट पाठवा. गेलं, पण १४६५ ला रडलं, तर हेडरचे २८ मिळवा, १४९२ आलेच.
दुसरं म्हणजे रिसीव्ह विंडो, पोचपावती मिळायच्या आत समोरचा किती डेटा सोडू शकतो ती मर्यादा. विंडोज एक्सपीत ती साधारण १७,५२० बाइटची असायची. सर्व्हर २०० मिलिसेकंद लांब असेल तर सेकंदाला पाचच फेऱ्या, म्हणजे लाइन ८ एमबीपीएसची घ्या नाहीतर कितीची घ्या, एका डाउनलोडला ७०० केबीपीएसच्या वर काही मिळायचं नाही. रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या यादीत) आकडा वाढवला की फरक उघड दिसायचा. हे थोतांड कसं?

तारमास्तर :
अरे बाबा एक्सपीतून बाहेर ये. २००७ च्या व्हिस्टापासून विंडोज ही विंडो स्वतःच कमीजास्त करतं, लिनक्सही करतं. आता उलटंच झालंय, लोक कुठलं तरी जुनं ट्वीकर (सेटिंग बदलणारा प्रोग्राम) चालवतात, ते ऑटो ट्यूनिंग बंद करून विंडो ६४ केबीवर अडकवून ठेवतं, आणि मग हेच विचारत फिरतात की नेट स्लो का झालं. नेटश या विंडोजच्या कमांडने टीसीपीचं ग्लोबल सेटिंग बघा, ऑटो ट्यूनिंग लेव्हल 'नॉर्मल' असेल तर हात जोडा आणि बाहेर या.
एमटीयूचं म्हणशील तर राउटर कनेक्शन जोडतानाच एमएसएस (एका पॅकेटमधल्या मालाची मर्यादा) १४५२ ला कापून देतो, तुझ्या मशीनला पत्ता पण लागत नाही. आणि साइट लटकणे हा बिघाड आहे, तो दुरुस्त केला याला स्पीड वाढवला म्हणत नाहीत राव.

भोळासांब :
आणि ते विंडोज २० टक्के बँडविड्थ स्वतःसाठी दाबून ठेवतं, ग्रुप पॉलिसीत जाऊन शून्य करायचं, ते? माझ्या भावाने केलंय, म्हणतो मस्त पळतंय.

तारमास्तर :
ती अफवा तर अमर आहे. ती २० टक्के मर्यादा लागते कधी, तर एखाद्या प्रोग्रामने क्यूओएस (आपल्या डेटाला अग्रक्रम) मागून राखीव जागा घेतली आणि तो ती वापरतोय तेव्हा. एरवी सगळी बँडविड्थ सगळ्यांना मोकळी. मायक्रोसॉफ्टने स्वतः खुलासा केलेला आहे. भावाला सांग शून्य ठेव नाहीतर शंभर ठेव, काडीचा फरक पडणार नाही.
खरी गोष्ट तांब्याच्या तारेत आहे. मोडेमचं स्टेटस पेज उघडून लाइन अ‍ॅटेन्युएशन आणि एसएनआर मार्जिन बघा आधी, म्हणजे तारेत सिग्नल किती विरतो आणि नॉइज सोसायला किती वाव उरतो. एडीएसएल२+ (डीएसएलचाच एक प्रकार) चे ते २४ एमबीपीएस टेलिफोन एक्सचेंजच्या अगदी जवळ असणाऱ्यांना, तार लांबली की आकडा धडाधड खाली. वर एटीएमचा (बँकेचं नव्हे, डेटा छोट्या सेलमध्ये भरून पाठवायची पद्धत) टॅक्स वेगळा, ५३ बाइटच्या प्रत्येक सेलमधले ५ बाइट नुसत्या हेडरचे, म्हणजे जवळजवळ १० टक्के तिथेच गेले. हे कुठल्या रजिस्ट्रीत जाऊन परत आणणार?

आळशी_मांजर :
दोघंही डाउनलोडच्याच मागे लागलायत. मी सांगते दुखणं कुठे असतं, अपलोडमध्ये. एडीएसएलचा अपलोड जेमतेम १ एमबीपीएसचा धरा आणि मोडेमच्या पोटात २५६ केबीचा बफर धरा. फोनने मागे गुपचूप फोटोंचा बॅकअप सुरू केला की तो बफर भरतो, आणि भरलेला बफर रिकामा व्हायला दोन सेकंद लागतात. आता तुमच्या डाउनलोडच्या पोचपावत्या त्याच रांगेत शेवटी उभ्या. पावती पोचत नाही म्हणून समोरचा सर्व्हर पुढचा माल सोडत नाही, मग लाइन ठणठणीत असून पेज उघडायला युगं लागतात आणि कॉलवरचा माणूस रोबोटसारखा बोलतो. बॅकअप चालू असताना पिंग लावून बघा, ४० चे २००० झाले तर हाच आजार.
उपाय राउटरमध्ये आहे. अपलोड सिंक स्पीडच्या (मोडेमने लाइनवर जोडलेला वेग) ८५-९० टक्क्यांवर बांधून टाका, म्हणजे रांग मोडेमच्या बेअक्कल बफरात न लागता राउटरमध्ये लागते, आणि तिथे एफक्यू-कोडेल (रांग सांभाळणारा प्रोग्राम) असेल तर तो छोट्या पॅकेटांना वाट करून देतो. थोडा अपलोड जातो, जाऊ दे.

पिंगळा :
म्हणजे सेटिंगनेच झालं की!! मी हेच तर म्हणतोय पहिल्यापासून.

तारमास्तर :
तू कॉम्प्युटरच्या रजिस्ट्रीबद्दल बोलत होतास, ही राउटरबद्दल बोलतेय. आणि यात लाइनचा वेग एक बिटनेही वाढला नाही, गोंधळ कमी झाला फक्त. पण हो, उपाय पक्का आहे, माझी हरकत नाही.

पिंगळा :
वापरणाऱ्याला पेज लवकर उघडलं म्हणजे स्पीडच वाढला ना, बिट मोजत कोण बसतो. आणि वेगच हवा असेल तर तोही मिळतो, काही मोडेममध्ये टार्गेट एसएनआर मार्जिन ६ डीबीवरून ३ वर आणता येतं, सिंक लगेच वर जातो. बोला आता.

तारमास्तर :
जातो ना. आणि संध्याकाळी आजूबाजूच्या सगळ्यांची मोडेमं चालू होऊन लाइनवरचा नॉइज वाढला की धाडकन तुटतो. असं वारंवार झालं की बऱ्याच कंपन्यांची ऑटोमॅटिक लाइन मॅनेजमेंट तुझी लाइन कच्ची समजून मार्जिन वाढवते, इंटरलीव्हिंग (चुका सावरायला डेटा मिसळून पाठवणं, त्याने उशीर वाढतो) लावते, म्हणजे होतं त्याच्याही खाली. सीआरसी एरर (वाटेत बिघडलेला डेटा) किती येतात ते बघत जा, नुसता सिंकचा आकडा बघून नाचू नको.

आळशी_मांजर :
३ डीबीवर रात्रभर टिकला तर कळव, माझ्या लाइनवर तरी मी धजणार नाही. आणि डीएनएस बदलून डाउनलोड फास्ट होतं असं कोणी लिहायच्या आत सांगते, साइटच्या नावावरून पत्ता शोधायला लागणारा वेळ कमी होईल फार तर, पुढचं सगळं तेच.

भोळासांब :
एक शंका. आमच्याकडे लँडलाइन वाजली की नेट जातं, रिसीव्हर ठेवला की येतं. याला यातलं कुठलं सेटिंग?

तारमास्तर :
सेटिंग नाही रे. फोनच्या मागचा फिल्टर मेलाय, नाहीतर लावलेलाच नाही. घरात जेवढे फोन तेवढे फिल्टर, मोडेमला थेट लाइन. आधी ते कर, मग एसएनआर किती दाखवतंय ते इथे टाक.