संकल्पामागचं खरं 'का' सापडलंय का कधी? अनुभव सांगा

जुन्या डायऱ्या आवरताना दहा वर्षांची पहिली पानं एका बैठकीत वाचली आणि सात पानांवर तेच वाक्य, "या वर्षी वजन कमी करायचंच". अक्षर तेवढं बिघडत गेलंय आणि किलोचा आकडा वाढत गेलाय. मग एक उद्योग केला. टोयोटात तैइची ओनोंनी रुजवलेली पाच वेळा 'का' विचारायची पद्धत आहे ना, ती मशीनऐवजी स्वतःवर लावली. त्यांचं उदाहरण भारी आहे: मशीन बंद का पडलं, फ्यूज उडाला. का, बेअरिंगला वंगण कमी पडलं. का, पंप नीट खेचत नव्हता. का, त्याचा शाफ्ट झिजला होता. का, तर गाळणी नव्हती म्हणून धातूचा कीस आत गेला. नुसता फ्यूज बदलत बसलं तर तो परत उडणारच, आणि मी दहा वर्षं फ्यूजच बदलत होते.

माझं असं झालं. वजन का? कपडे नीट बसत नाहीत. मग काय बिघडलं? फोटोत वाईट दिसते. मग? मग मी फोटोत येतच नाही, फोन माझ्या हातात, सगळ्यांचे मी काढते. इथे थांबून गॅलरी उघडली. लेक सहा वर्षांची आहे, तिचे हजारो फोटो आणि त्यात मी जेमतेम नऊ, त्यातही दोनात नुसता हात. वजनाचा प्रश्नच नव्हता तो! आता फोन दुसऱ्याच्या हातात देते. वजन आहे तेवढंच आहे (सध्या तरी).

तुमचं लिहा. छोटं असलं तरी चालेल.

———

सिगरेट. डॉक्टरांनी सांगून झालं, बायकोने भांडून झालं, पाकिटावरचं चित्र तर रोजच बघायचो, कशाकशाने फरक पडला नाही कारण "तब्येतीसाठी सोड" हे कारण त्यांचं होतं, मी फक्त मान डोलवायचो. वडील आयसीयूत होते तेव्हा डॉक्टर राउंडला आले आणि मी नेमका खाली. दहा मिनिटं फार तर. वर आलो तर भाऊ भिंतीला टेकून उभा होता, त्याने मला सांगितलं, पण डॉक्टर नक्की कुठल्या शब्दांत बोलले ते मी ऐकलं नाही ते नाहीच. त्यानंतर कळलं मला काय सोडायचंय. सिगरेट नाही, ते सारखं उठून जाणं. लगेच सुटली वगैरे नाही हां, आठ महिने लागले, मध्ये दोनदा परत सुरू झाली.

———

भाषा शिकायच्या अॅपवर ४१२ दिवसांची स्ट्रीक (एकही दिवस न चुकवता सलग धडा केल्याची मोजणी) होती माझी. रात्री अकरा पंचावन्नला डोळे मिटत असताना सगळ्यात सोपा धडा उरकायचा आणि झोपायचं, शिकणं शून्य. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसींचा १९७१ चा प्रयोग वाचला आणि स्वतःवरच हसू आलं. विद्यार्थ्यांना कोडी सोडवायला दिली, त्यातल्या काहींना पैसे दिले, आणि पैसे बंद झाल्यावर त्याच मुलांचा रिकाम्या वेळात कोड्यांकडे ओढा कमी झाला. माझे पैसे म्हणजे तो स्ट्रीकचा आकडा. एकदा तापात तुटली तर चक्क सुटल्यासारखं वाटलं. नातू परदेशात वाढतोय, त्याला तीच भाषा येते, त्याच्याशी बोलता यावं म्हणून हा खटाटोप सुरू केला होता हे मी पार विसरलो होतो. आता आठवड्यातून दोनदा व्हिडिओ कॉल, तो माझे उच्चार सुधारतो आणि खो खो हसतो.

———

मला पटत नाही हे सगळं. सारखं मनात खणत बसलं की माणूस खणतच बसतो, बूट घालत नाही. मी पळायला लागले तेव्हा काही खोल बिल कारण नव्हतं, बूट दाराशी ठेवले आणि उठल्या उठल्या घातले, संपलं. २१ दिवसांत सवय लागते म्हणतात, तेही खोटं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली यांच्या अभ्यासात ९६ जण होते, ज्यांचा नीट अंदाज बांधता आला त्यांच्यातल्या निम्म्यांना सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस किंवा कमी लागले, पण एकूण अंदाज १८ पासून २५४ पर्यंत पसरलेले. मला चारेक महिने लागले असतील. कारण नंतर सापडलं, पळताना मी कुणाची आई, सून, मॅडम नसते. हे आधी बसून शोधलं असतं तर जन्मात सुचलं नसतं.

———

माझं उलटं. 'का' सापडलं आणि संकल्पच गळाला. पीएचडी करायचीच होती, सहा वर्षं घोकत होतो. खरं कारण निघालं चुलतभावाच्या नावापुढचं डॉक्टर. विषय बंद, झोप छान लागते.

———

मी पहाटे पाचला उठायचं ठरवतोय, दर महिन्याला नव्याने. वरचं वाचून आत्ताच करून बघितलं. का उठायचं? शांत वेळ मिळतो. शांत वेळ कशाला? घरात कुणी बोलत नाही तेव्हा. कुणी बोलायला का नकोय?

इथे अडकलोय. उत्तर येतंय पण टाइप करवत नाहीये, बायको शेजारीच बसलीये. उद्या लिहितो.