नवीन फोनची बॅटरी दुपारीच मान टाकते, मदत हवी आहे

मंडळी, दिवाळीत घेतलेला ५००० एमएएचचा फोन चार वाजायच्या आत लाल होतो. गेम नाही, रील्स नाहीत. कॉल आणि व्हॉट्सॲप, बास. सातारा शहरात जरा बरा टिकतो, पण कामानिमित्त मेढा-बामणोलीकडे गेलो की रेंजची एकच काडी आणि फोन खिशात नुसता तापत राहतो. रेंज कमी असली की फोन जास्त ताकद लावतो हे ठाऊक आहे, म्हणून ५जी बंद करून ४जीवर ठेवला. थोडा फरक पडला, पण समाधान नाही. दुकानदार म्हणतो, "नवीन आहे, होईल सेट." लोणचं आहे का मुरायला! दोनपैकी एक सिम बंद ठेवून कुणाला फायदा झालाय का? की वॉरंटी आहे तोवर सर्व्हिस सेंटरला बॅटरी तपासून घेऊ? आणि त्या भागात कुठलं सिम बरं चालतं?